घोड्याच्या बाजूने चालताना

बी. ए. भाग २

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यास जाऊन काय केलेस, असे वर्गातील मित्रांनी विचारले तेव्हा मी खरे तेच सांगितले, "घोड्याच्या बाजूने चाललो." सगळे हसले. एकाने विचारले, "वरातीत काय?" दुसरा म्हणाला, "वर बसायला जागा नव्हती वाटते!" जागा होती, पण ती माझ्यासाठी नव्हती. त्या जागेवर आठ वर्षांची एक मुलगी बसत असे आणि तिला जमिनीवर आधाराशिवाय उभे राहता येत नव्हते. हा काय प्रकार आहे हे कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता समजावून देण्याचा मी दोनतीनदा प्रयत्न केला, परंतु घंटा झाली की विषय अर्धाच राही. म्हणून वार्षिकांकासाठी लेख मागितला गेला तेव्हा दुसरा कोणता विषय मला सुचलाच नाही.

आमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे. तीन एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या मामाने तिसरीतच शाळा सोडली आणि पुढे कामाच्या शोधात तो पुण्याला गेला. तेथे एका घोडेस्वारी केंद्रात तो बरीच वर्षे घोडे सांभाळतो. तेथे त्याला सगळे 'सईस' म्हणतात. आपल्या मराठीत या कामाला मोतद्दार असा जुना शब्द आहे, हे मी त्याला सांगितले तेव्हा तो त्याला फार आवडला. पागा, खोगीर, रिकीब, तंग, खरारा, तोबरा, मांड हे शब्द आम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचतो आणि परीक्षेनंतर विसरतो. मामाच्या तोंडी त्यातले निम्मे शब्द रोज असतात. वरातीमागून घोडे आणि खोगीरभरती एवढ्यापुरताच घोडा आता आपल्या बोलण्यात उरला आहे, ही गोष्ट मला तेथे गेल्यावर जाणवली.

मी गेलो होतो ते सेवा करण्यासाठी नव्हे, हे प्रथमच सांगून टाकतो. पुढच्या वर्षाची फी आणि खोलीचे भाडे यांची सोय व्हावी म्हणून मे २०२५ मध्ये धामणगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने गेलो आणि पागा झाडण्याच्या, लीद उचलण्याच्या, पाणी भरण्याच्या कामावर रोजंदारीने लागलो. आठवड्यातून दोन सकाळी तेथे काही मुले येत. पहिल्या दिवशी मी घमेले घेऊन उभा होतो, तेवढ्यात एका मोटारीतून एका बाईंनी आपल्या मुलीला उचलून बाहेर काढले. मुलीचे दोन्ही पाय गुडघ्यांपाशी एकमेकांवर कात्रीसारखे चढलेले होते. माझ्या हातातले घमेले मी खाली ठेवले. असे पाय मी रोज पाहत आलो आहे. माझ्या धाकट्या भावाचे पाय असेच आहेत.

भाऊ बारा वर्षांचा आहे. गावात म्हणतात, पोराला जन्मताच वारे गेले. वैद्यकात याला मेंदूचा पक्षाघात म्हणतात, सेरेब्रल पाल्सी. जन्माच्या आधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा होते. ती इजा पुढे वाढत नाही, पण स्नायूंना चुकीचे निरोप जात राहतात, ते ताठ राहतात आणि मूल वाढते तशी हाडे व सांधेही त्या ताणाने वाकडे होऊ लागतात. हा आजार औषधाने बरा होणारा नाही. माझ्या भावाची समज उत्तम आहे, क्रिकेटचे सगळे धावफलक त्याला पाठ असतात. त्याला बसता येत नाही, एवढेच. 'एवढेच' हा शब्द मी लिहिला खरा, पण त्याला सकाळपासून रात्रीपर्यंत उचलते ती माझी आई. मी यवतमाळला शिकायला आलो तेव्हापासून ती एकटीच उचलते.

त्या सकाळी नेहमीच्या स्वयंसेवकांपैकी एकजण आला नव्हता. मामाने माझे नाव सुचवले. उपचार करणाऱ्या बाईंनी माझ्या पायांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "चप्पल चालणार नाही. घोड्याचा खूर बोटांवर पडला तर काय?" मामाचे बूट मला एक नंबर मोठे होते. पुढे कापूस भरून ते घातले आणि अशा रीतीने मी स्वयंसेवक झालो. बाकीचे स्वयंसेवक चांगल्या घरचे होते, आपसात इंग्रजीत बोलत. पहिले आठ दिवस मी त्यांच्याशी फारसे बोललोच नाही. त्यांनी मला वेगळे वागवले असे मुळीच नाही, संकोच माझ्याच मनात होता.

आता मुख्य प्रश्न. घोड्यावर बसून पाय नसलेल्यासारखे पाय कसे सुधारणार? मलाही प्रथम हे थोतांडच वाटले. बाईंनी मला उत्तर न देता मैना नावाच्या घोडीच्या मागे उभे केले, अर्थात लाथेच्या टप्प्याबाहेर, आणि तिची पाठ पाहायला सांगितले. घोडा सावकाश चालतो तेव्हा त्याची पाठ एकाच दिशेने हलत नाही. ती वर-खाली होते, डावी-उजवीकडे कलते, पुढे-मागे सरकते आणि पावलागणिक किंचित पीळही घेते. मग बाईंनी एका स्वयंसेवकाला पुढे चालायला लावले आणि त्याच्या कमरेकडे पाहायला सांगितले. तीच हालचाल! माणूस चालताना त्याचे कंबरेचे हाड जसे हलते, जवळजवळ तसेच घोड्यावर बसलेल्याचे कंबरेचे हाड घोडा हलवतो. गतीही साधारण जुळते, मिनिटाला शंभराच्या आसपास हेलकावे. वीस मिनिटे बसले तर दोन हजार. जे मूल जन्मात एक पाऊल चाललेले नाही त्याच्या कमरेला चालणे म्हणजे काय हे अशा रीतीने दोन हजार वेळा कळते. प्रत्येक हेलकाव्याला तोल किंचित ढळतो आणि पाठीच्या, पोटाच्या स्नायूंना तो सावरावा लागतो. कोणी 'ताठ बस' असे ओरडावे लागत नाही.

दुसरी गोष्ट उबेची. घोड्याच्या अंगाचे उष्णतामान माणसापेक्षा थोडे अधिक, अडतीस अंश सेल्सिअसच्या जवळपास असते. म्हणून अनेकदा चामड्याचे खोगीर न घालता पाठीवर नुसती जाड गादी आणि पट्टा बांधतात, म्हणजे ती ऊब मांड्यांना लागते. पाय फाकून बसण्याने आणि या उबेने ताठ स्नायू थोडा वेळ सैल पडतात. त्या मुलीचे कात्रीसारखे पाय दहाव्या मिनिटाला मैनेच्या दोन्ही कुशींवर लोंबू लागत. उतरल्यानंतर तासाभराने ते पुन्हा ताठ होत, हेही खरे. म्हणून हा उपचार सातत्याने, इतर व्यायामांच्या जोडीने करतात. बसण्याचा तोल आणि धडावरचा ताबा सुधारतो असे अनेक अभ्यासांत आढळले आहे, पण हे अभ्यास बहुतेक लहान गटांवरचे आहेत आणि प्रत्येक मुलाला सारखाच गुण येत नाही. कोणी पैसे घेऊन 'घोड्यावर बसवून चालता करतो' म्हणेल तर त्याच्या दारात उभे राहू नये.

याला हिप्पोथेरपी म्हणतात. हे ऐकून आमच्या एका मित्राला पाणघोडा आठवला आणि गंमत म्हणजे तो अगदीच चुकला नव्हता. ग्रीक भाषेत 'हिप्पोस' म्हणजे घोडा आणि 'पोटॅमोस' म्हणजे नदी. म्हणजे आपला पाणघोडा हा शब्द त्या ग्रीक नावाशी सख्ख्या भावासारखा जुळतो. हिप्पोथेरपीत घोडा हे उपचारतज्ज्ञाच्या हातातले साधन असते आणि मूल स्वारी शिकत नाही. दुसऱ्या प्रकारात दिव्यांग व्यक्ती खरोखरच लगाम धरून स्वारी शिकते.

या दुसऱ्या प्रकारामागे एका बाईची गोष्ट आहे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या तरुण स्वार. १९४४ साली त्यांना पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे दोन्ही पाय गेले. त्या घोड्यावर पुन्हा बसल्या. चढण्या-उतरण्यासाठी त्यांना माणसे लागत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या स्वारीच्या प्रकारात स्त्रियांना पुरुषांबरोबर उतरण्याची परवानगी प्रथमच मिळाली आणि हार्टेलबाईंनी ज्युबिली या घोडीवर बसून रौप्यपदक मिळवले. १९५६ साली पुन्हा रौप्य. ड्रेसाजमध्ये घोड्याला सूचना देण्यासाठी पायांचा फार उपयोग करतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पदकाचे वजन कळते. युरोप-अमेरिकेत लोकांचे लक्ष इकडे वळले आणि १९६९ साली ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत अशा केंद्रांच्या राष्ट्रीय संघटना स्थापन झाल्या. १९९६ च्या अटलांटा पॅरालिंपिकपासून दिव्यांगांची घोडेस्वारी त्या स्पर्धांत आहे. आपल्या देशात बेंगळुरूच्या पुष्पा बोपय्या यांनी हे काम केले आहे.

घोडा कसा लागतो, हे मामाकडून शिकण्यासारखे आहे. तो मालकांबरोबर सारंगखेड्याला जातो. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणारी ती घोड्यांची मोठी यात्रा. तेथे सगळ्यांचे डोळे नाचणाऱ्या, मान ताठ टाकणाऱ्या तेजी घोड्यांवर असतात. मामा म्हणतो, "आपल्याले तसं घोडं कामाचं नाही. ज्याच्या कानाजवळ फटाका फुटला तरी जे चरत राह्यते, ते पाह्यजे." वय जरा उतरलेले, चारही पाय सारखे टाकणारे, बाजूने चालणाऱ्याचा हात मुलाच्या कमरेपर्यंत पोहोचेल इतपतच उंच. आपल्या मेंढपाळांच्या काफिल्यात बिऱ्हाड वाहणारी ठेंगणी, काटक घोडी असतात, तशा बांध्याची मैना आहे. पुणे-सातारा-सोलापूर भागातल्या या भीमथडी घोड्याची अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद झाली आहे. असे घोडे मिळाले तरी लगेच कामाला लावीत नाहीत. चाकाची खुर्ची, चेंडू, फुगे, अचानक मारलेली किंकाळी, केस ओढणे या सगळ्यांची त्यांना महिनोन्‌महिने सवय करतात. शिवाय घोडाही थकतो, कंटाळतो. एकाच बाजूला कलंडलेले मूल वाहणे त्याच्या पाठीला त्रासाचे असते. मैनेचे कान मागे चपटे पडू लागले की मामा बाईंना सांगे, "आता पुरे." आणि बाई लगेच थांबत. तिसरी शिकलेल्या माणसाच्या शब्दावर एवढी शिकलेली माणसे थांबतात, हे मी तेथे पाहिले आणि मामाकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो.

आता आमचे काम. एका मुलामागे तीन माणसे लागतात. एक घोड्याच्या डोक्यापाशी दोर धरून चालतो, त्याने फक्त घोड्याकडे आणि वाटेकडे लक्ष द्यायचे. दोघे दोन बाजूंनी मुलाच्या पायाशी चालतात, त्यांनी घोडा विसरून मुलाकडे लक्ष द्यायचे. मूल उताराच्या ओट्यावरून घोड्यावर घेतात, डोक्याला शिरस्त्राण आधी. रिकिबी असल्या तर पुढून बंद असतात, म्हणजे पाऊल आरपार जाऊन अडकत नाही. बाजूच्याने हात मुलाच्या मांडीवरून आडवा टाकून पट्ट्याची कडी धरायची. घोडीचे पाऊल आणि आपले पाऊल जुळवायचे. हात भरून आला तर आधी घोडी थांबवायची, मग एकेकाने बाजू बदलायची, दोघांनी एकदम कधीही सोडायचे नाही. घोडी बुजली तर कोणी मुलाला घेऊन कोणत्या बाजूला सरायचे हे आधीच ठरलेले असते. पिशवीत वाळू भरून आम्ही त्याची तालीम केली होती. आपसात गप्पा मारायच्या नाहीत. मुलाशी बोलायचे, पण दोघांनी एकदम नाही. ऐकायला सोपे वाटते. मे महिन्याच्या उन्हात वीस वीस मिनिटांच्या पाच खेपा झाल्या की खांदा आपला राहत नाही.

पण खरी अडचण खांद्याची नव्हती. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी मला थांबवले. म्हणाल्या, "तू फार छान धरतोस. इतके छान की तिला काही करावेच लागत नाही." मला कळेना. मी तर जीव ओतून धरत होतो. माझा एक हात तिच्या मांडीवर आणि दुसरा पाठीशी लावलेला. ती किंचित कलली की मी तिला सरळ करीत होतो. बाई म्हणाल्या, घोडी तिला कलवते ते तिने स्वतः सावरावे म्हणून. तू आधीच सावरलेस तर मग घोडी कशाला, खुर्चीच बरी. मामाने संध्याकाळी हेच त्याच्या भाषेत सांगितले, "भासेबुवा, तू तिले कापसाच्या गाठोड्यावानी धरतं. ते गाठोडं नोहे. हात जवळ ठेव, लावू नको. पडाले लागली त मंग धरजो."

हात जवळ ठेवणे आणि न लावणे, यासारखे अवघड काम मी आजवर केलेले नाही. पहिल्या दिवशी मी पाठीचा हात काढला आणि ती डावीकडे कलू लागली. माझ्या पोटात गोळा आला. एक पाऊल, दोन पावले, तीन. चौथ्या पावलाला ती स्वतःच परत मध्यावर आली. तिला त्याचे काहीच वाटले नाही, ती समोरच्या खांबात रंगीत कडी अडकवण्याच्या नादात होती. घाम मला फुटला होता. घोडेस्वारीत पक्क्या बसण्याला मांड म्हणतात. तिची मांड त्या दिवशी चार पावलांपुरती जमली होती. सुट्टी संपेपर्यंत मैदानाची एक पूर्ण फेरी ती माझ्या हाताशिवाय बसू लागली.

त्या रात्री पागेबाहेरच्या खाटेवर मला झोप लागली नाही. बारा वर्षांत माझ्या भावाला आम्ही एकदा तरी कलू दिले होते काय? आई उचलते, बाबा उचलतात, मी उचलतो. खाली ठेवतो ते चारी बाजूंनी उशा लावून. पडेल, ही एकच भीती सगळ्या घराला. त्या भीतीपोटी आम्ही त्याला कधी स्वतःला सावरूच दिले नव्हते.

जूनमध्ये परत आलो तो डोक्यात एकच विचार घेऊन. शेजारच्या गावात लग्नाच्या वरातीची पांढरी घोडी आहे. मालक ओळखीचे, लग्नसराई संपलेली, ते आनंदाने तयार झाले. मी त्याच उत्साहात पुण्याला बाईंना फोन केला. त्यांनी शाबासकी दिली नाही. विचारले, ती घोडी कधी रिकाम्या मैदानात हळू चालली आहे का, की नुसती बँडच्या तालावर नाचली आहे? बाजूने चालणारे दोघे कोण? शिरस्त्राण आहे? आणि शेवटी, "त्याच्या खुब्याचा एक्स-रे काढला आहे का?"

हे शेवटचे मी आधी सांगायला हवे होते. सर्वच मुलांना घोड्यावर बसवता येत नाही. झटके आटोक्यात नसतील, पाठीचा कणा फार वाकलेला असेल, डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांप्रमाणे मानेचा सांधा सैल असेल तर हा उपचार धोक्याचा ठरतो. मेंदूच्या पक्षाघातात मांड्यांचे स्नायू सतत आत ओढतात, त्यामुळे मांडीच्या हाडाचा गोळा हळूहळू खुब्याच्या खोबणीतून बाहेर सरकू शकतो. मूल चालत नसेल तर हा धोका अधिक. वरून काही दिसत नाही, सुरुवातीला दुखतही नाही. म्हणून पुण्यात डॉक्टरांची लेखी परवानगी असल्याशिवाय एकही मूल ओट्यावर चढत नसे. मी तो कागद दर आठवड्याला पाहत होतो आणि घरच्यासाठी तो माझ्या ध्यानातही आला नाही.

भावाला घेऊन आम्ही यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डाव्या बाजूचा गोळा निम्म्याच्या जवळपास बाहेर सरकलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, बरे झाले आता आणलेत. घोड्याचे नाव काढताच त्यांनी मान हलवली. बाबा काही बोलले नाहीत. बसस्टँडवर आई एवढेच म्हणाली, "बरं झालं, नाही बसवलं त्याले."

तेव्हा माझ्या भावाला घोड्याचा काहीही उपयोग झालेला नाही. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी मात्र एक बसण्याचा व्यायाम दाखवला. ठेंगणा स्टूल, पाय जमिनीवर टेकलेले, मागे एकजण बसून दोन्ही हातांनी फक्त कंबरेचे हाड धरायचे. मग पकड सैल करायची. मग हात जवळ ठेवायचे, लावायचे नाहीत. हे मला शिकवावे लागले नाही. पोळ्याच्या सुट्टीत गेलो तेव्हा तो माझ्या हाताशिवाय सात आकड्यांपर्यंत बसला. आई दारातून ओरडत होती, "अरे धर ना त्याले, पडन तो!" तो पडलाच, माझ्या हातात. आणि म्हणाला, "पुन्हा." दिवाळीला चोवीस. आकडे तोच मोजतो आणि लबाडी करून भराभर मोजतो, म्हणून खरे वीसच धरावेत. मी यवतमाळला असतो तेव्हा आता आई त्याच्या मागे बसते. ती अजून हात पुरते काढत नाही.

मामाने फोनवर मैनेचे चित्रण पाठवले आहे. ती किती उंच आहे असे भावाने विचारले, तेव्हा मी दाराच्या चौकटीवर सव्वाचार फुटांवर खडूची रेघ मारून दाखवली. फेब्रुवारीत पुन्हा एक्स-रे आहे आणि शस्त्रक्रिया करायची की नाही ते त्यानंतर ठरेल. या वेळी डॉक्टरांना काय काय विचारायचे ते आईने मला एका वहीच्या पानावर लिहून घ्यायला लावले आहे. आतापर्यंत अकरा प्रश्न झाले आहेत.